सिंह, शेजारी आणि जवळा

नव्या गावी राहायला जायचं ठरलं की शहाणा माणूस पाण्याची, शाळेची, डॉक्टरची चौकशी करतो. बँकेच्या पालिताण्याच्या शाखेत बदली झाल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा मी तिथल्या शिपायाला फोन लावून दोनच गोष्टी विचारल्या. सिंह कुठपर्यंत येतात? आणि अंडं कुठपर्यंत चालतं? पहिल्याचं उत्तर त्याने ऐसपैस दिलं. परवा कुठल्या वाडीत आले होते, कुणाची म्हैस नेली, किती वाजता नेली, सगळं. दुसऱ्या प्रश्नावर तो एवढा वेळ गप्प राहिला की लाइन गेली असं समजून मी "हॅलो, हॅलो" करत बसलो.

आम्ही मालवणचे. रानटी जनावर आम्हाला नवं नाही. गवा बागेत शिरतो, माकडं शहाळी पाडतात, बिबट्या अधूनमधून खळ्यातला कुत्रा उचलतो, आणि यातल्या कुणाचंही आपण काही वाकडं करू शकत नाही हे आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा जाणतात. पण सिंह आम्ही पाहिलेला तो देवीच्या पायाशी, तोही रंगवलेला. धार्मिक शेजाऱ्यांचंही तेच. आमच्या गावात धार्मिक कोण नाही? पण आमच्याकडे राखणदाराला कोंबडा देतात आणि मग राखणदाराच्या वतीने तो आपणच खातो. अशी काहीतरी सोय सगळ्याच धर्मांत असणार, अशी माझी समजूत होती.

पालिताणा भावनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर. गावाच्या डोक्यावर शत्रुंजय डोंगर, चढायला साडेतीन हजारांहून जास्त पायऱ्या आणि वर ८६३ देवळं. श्वेतांबर जैनांचं हे सगळ्यात मोठं तीर्थ. खाली गावात गल्लोगल्ली धर्मशाळा. खरं तर कायमच्या वस्तीत जैन थोडेच, बाकी गाव चारचौघांसारखं हिंदू-मुसलमानांचं. पण घड्याळ मात्र जैनांचं. २०१४ साली दोनशेच्या आसपास जैन मुनी इथे उपोषणाला बसले आणि सरकारने कत्तल बंद केली, मांस-मासे-अंडी विकणंही बंद केलं. ज्यांची दुकानं गेली त्यांना यात विनोद दिसणार नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही दिसला नसता. माझ्या पदरी फक्त जिभेचे हाल आले, म्हणून मला लिहायला सुचतंय.

घरमालकाने भाडं, डिपॉझिट वगैरे किरकोळ बाबी आटोपून मुद्द्याचा प्रश्न विचारला, "तमे वेजिटेरियन?" मी "हो" म्हटलं. सकाळपासून पोटात चहा आणि गाठिये एवढंच गेलं होतं, त्यामुळे त्या घटकेला ते विधान शंभर टक्के खरं होतं.

आता सिंहांचं. आपण शाळेत शिकलो की सिंह गीरच्या जंगलात असतो. सिंह त्या शाळेत गेलेला नाही. २०१५ च्या गणनेत ५२३ सिंह होते, २०२५ च्या गणनेत ८९१ झाले, आणि जंगल तेवढंच राहिलं. मग घरात भावंडं वाढली की धाकटी जशी ठाण्या-डोंबिवलीला जागा बघतात तशी त्यांनीही बघितली. गीरमधून शेत्रुंजी नदी निघते आणि पूर्वेला खंबातच्या आखाताकडे जाते. तिच्या काठाकाठाने, झाडीतून, उसा-कपाशीच्या शेतांतून सिंह चालत आले आणि भावनगर जिल्ह्यात स्थायिक झाले. भाड्याने नव्हे. त्यांना कोणी वेजिटेरियन का म्हणून विचारलं नाही.

पहिल्याच महिन्यात माझ्या ध्यानात आलं की या पंचक्रोशीत उघडपणे मांसाहार करणारा रहिवासी हा एकच, आणि त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मी कुठल्याच अनुसूचीत नाही.

शेजारचे काका याबाबत निवांत होते. काका जन्माने इकडचे, पण उमेदीची वर्षं सगळी मुंबईत भुलेश्वरला पांजरापोळ गल्लीत काढलेली, म्हातारपणी तीर्थाच्या पायथ्याशी येऊन राहिलेले. मराठी फर्मास बोलायचे, फक्त क्रियापदं जिथे सापडतील तिथे ठेवायचे. "सिंव काय करते नाय साहेब," ते म्हणाले. "तो पोट भरला की झोपते. वीस-वीस तास झोपते. तुम्ही त्याच्या झोपेत मध्ये नाय आलात की झाला." मी म्हटलं, आणि पोट भरलेलं नसलं तर? काका जरा विचार करून म्हणाले, "मग तुमचा कर्म." वर त्यांनी मला आठवण करून दिली की चोविसावे तीर्थंकर महावीर, त्यांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, काय? सिंह! तेव्हा सिंहाबद्दल वाकडं बोलायचं काम नाही.

लांछनांवरून आठवलं. काकांच्या देवघराच्या चौकटीवर अष्टमंगलाची चांदीची पट्टी आहे. स्वस्तिक, कलश, आरसा, भद्रासन, आणि त्यांत एक माशांची जोडी. मंगल चिन्ह म्हणून, घरात, दारावर, मासे! आम्ही पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा आईची नजर तिथे जी खिळली ती हलेना. काकींना वाटलं, सासूबाई भाविक दिसतात. आईने पदराने चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं, आणि परत येऊन माझ्या कानात निकाल दिला, "बांगडे नाय. गोड्या पाण्यातले दिसतत."

तर दोन धास्ती घेऊन आम्ही संसार मांडला. रात्री अंगणात जायचं तर सिंहाची आणि रात्री स्वयंपाकघरात जायचं तर शेजाऱ्यांची. इमारतीत बहुतेक घरं चोविहार पाळणारी, म्हणजे सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. साडेसहाला सगळ्यांची भांडी घासून पालथी. आमच्या घरी जेवायला नऊ वाजतात, आणि रात्री साडेआठला त्या शांततेत कुकरची शिटी झाली की ती पार डोंगराच्या तळेटीपर्यंत ऐकू जात असणार असं बायकोला वाटायचं. शिटी वाजायच्या बेतात आली की ती चिमट्याने अलगद उचलायची, वाफ हलके हलके सोडायची, आणि मी खिडकीशी पहारा करायचो. कुकरमध्ये काय असायचं? वरण-भात.

डासांनी आणखी पंचाईत केली. मी बाजारातून ती विजेची बॅट आणली होती, टेनिस खेळल्यासारखं फिरवलं की डास चट् करून जळतो. एरवी त्या आवाजासारखं समाधान नाही. पण इथे मध्यरात्री एकेक चट् सुतळी बॉम्बसारखा वाजायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी बायकोला काळजीने विचारलं, "काल रात्रे तुमच्याकडे काय जळत होता?" बायकोने वायरिंगवर ढकललं. काकींनी ताबडतोब इलेक्ट्रिशियन पाठवला. त्याने अख्ख्या घराची वायरिंग तपासली, सगळं ठीक आहे म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. त्या दिवसापासून आम्ही मच्छरदाणीत झोपतो. झुरळ दिसलं तर मऊ केरसुणीवर घेऊन जिन्यात सोडतो. जिन्यातून ते कुठे जातं याची चौकशी करायची नाही, असा वरच्या मजल्यापासून खालपर्यंत अलिखित करार आहे, त्यामुळे गेली कित्येक वर्षं तीच झुरळं फिरत असावीत.

या सगळ्या काळात माळ्यावर एक डबा होता. स्टीलचा, झाकण घट्ट, पाच प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला, आणि वर बायकोच्या अक्षरात "शिकेकाई". आत आईने मालवणहून आणलेला सुका जवळा. तो कधी उघडायचा यावर घरात चर्चा व्हायच्या. पर्युषणात नको, आयंबिलच्या ओळीत नको, काकींच्या सुनेची नव्वाणू यात्रा चालू आहे तोवर तर नकोच. मुहूर्त काही निघेना. लग्नाच्या मुलीसाठीही आम्ही एवढी पंचांगं पाहिली नसती. नुसतं तो डबा घरात आहे, या विचारानेच आईला बुधवार-शुक्रवार-रविवार भात चार घास जास्त जायचा.

पावसाळा आला. डब्याचं झाकण माणसांसाठी घट्ट होतं, मुंग्यांना ते सताड उघडं. एका सकाळी बायकोने मला हाक मारली ती अशा आवाजात की मला वाटलं, आला, सिंहच आला. स्वयंपाकघरात पाहतो तर माळ्यापासून भिंतीवरून खिडकीकडे एक तांबूस रेघ हलत होती. मुंग्या. आणि दर चार-पाच मुंग्यांच्या डोक्यावर पालखीत बसल्यासारखा एकेक जवळा. डोळे, मिशा, शेपटी सगळं शाबूत. मिरवणूक आमच्या खिडकीतून बाहेर पडून, पाइपावरून, सरळ काकांच्या सज्जात उतरत होती.

आता करायचं काय? पाणी मारावं तर मुंग्या मरणार, आणि काकी सज्जातच कपडे वाळत घालत होत्या. खडूची रेघ ओढावी तर तीही विषाचीच. मुंग्यांना न दुखावता त्यांच्या डोक्यावरचे जवळे चिमट्याने उचलावेत असा एक तोडगा मी सुचवला आणि खरोखर पाच-सहा उचललेही. एक उचलेपर्यंत दहा सज्जात. तेवढ्यात काकींचं लक्ष गेलं. त्या वाकल्या. आमच्या तिघांचे श्वास थांबले. काकी घरात गेल्या, मूठभर पीठ आणि साखर घेऊन आल्या आणि रेघेच्या कडेने पेरत म्हणाल्या, "केटली मेहनत करे छे बिचारी!" मुंग्यांना पीठ घालणं इकडे पुण्याचं काम. जन्मात ज्या बाईने जवळा पाहिलेला नाही, तिला तो कुठल्यातरी झाडाचा वाळका मोहोर वाटला.

काकांना मात्र दिसला. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ रेघ न्याहाळत उभे राहिले, रेघेचा उगम शोधत नजर आमच्या खिडकीवर आणली, तिथून माळ्यावर, डब्यावरच्या अक्षरांवर. मग अगदी शुद्ध, क्रियापद जागच्या जागी ठेवून, हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आमच्या भुलेश्वरला शिकेकाईला मिशा नव्हत्या." आणि पेपर घेऊन आत गेले. त्या विषयावर ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकींकडून ढोकळा आला.

त्यानंतर सुनेची नव्वाणू पुरी झाली म्हणून आम्हालाही डोंगर दाखवायला काका घेऊन गेले. नव्वाणू म्हणजे शत्रुंजय नव्व्याण्णव वेळा चढायचा, दिवसातून एकदाच जेवून. काही लोक तर दोन दिवस निर्जळी उपवास करून त्यात सात वेळा चढतात. मी तळेटीलाच पहिल्या पायरीकडे पाहून दम खात होतो. डोलीवाल्यांनी मला आपादमस्तक पाहिलं, आपसात चर्चा केली आणि जो भाव सांगितला त्यात माझ्या वजनाबद्दल काही शंका उरली नाही. मी अपमान गिळून पायी निघालो. वर गेल्यावर काकांनी मोतीशा शेठांची टूंक, म्हणजे देवळांचा समूह, दाखवली. मोतीशा मुंबईचे जहाजांचे मालक. इथे देवळाला जागा नव्हती तर त्यांनी दोन शिखरांमधली दरी भरून काढली. याच मोतीशांनी जमशेटजी जीजीभाईंबरोबर १८३४ मध्ये काकांच्या गल्लीतली पांजरापोळ काढली. कारण त्याच्या दोन वर्षं आधी बेवारशी कुत्री मारायचा हुकूम निघाला म्हणून मुंबईत दंगल झाली होती. वाटेत अंगारशा पिराचा दर्गा आहे. तिथे मूल व्हावं म्हणून लहान लहान पाळणे वाहतात, वाहणाऱ्यात सगळ्या धर्मांचे लोक. एवढं सगळं बघून मी एका पायरीवर बसलो तर काकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि बँकेच्या माणसाला ती सगळ्यात आवडली. पालिताण्याच्या दरबाराला यात्रेकरूंच्या करापोटी वर्षाला लाख रुपये द्यायचे असं ठरलं. जैनांनी भांडण केलं नाही, दंगा केला नाही. १९२६ मध्ये यात्राच बंद केली. दोन वर्षं एक माणूस डोंगरावर नाही. शेवटी १९२८ साली सिमल्याला व्हाइसरॉय आयर्विन मध्ये पडले आणि वर्षाला ६०,००० वर सौदा पटला. हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की सिंहापेक्षा काकांना जास्त जपायला हवं. सिंह फार तर झेप घेईल. या लोकांनी नुसता अबोला धरला तरी दरबार चाळीस टक्क्यांनी उतरतो.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे खाली. डोंगरावर रात्री माणसाने राहायचं नाही, पुजाऱ्यानेसुद्धा नाही. रात्रपाळीला वर कोण असतं, हे मी काकांना विचारलं नाही. चातुर्मासात तर चार महिने यात्राच बंद असते. गंमत म्हणजे सरकारही १६ जून ते १५ ऑक्टोबर गीरचं जंगल पर्यटकांना बंद ठेवतं. पावसाळ्यात घराबाहेर पडून जीवजंतू तुडवू नयेत हे काकांचं म्हणणं आणि जनावरांना जरा एकांत द्यावा हे वनखात्याचं. सिंहाने दोन्हीकडून रजा मंजूर करून घेतली आहे. आम्हाला बँकेत नैमित्तिक रजेसाठी तीन सह्या लागतात.

कामानिमित्त खेड्यांत फिरताना सिंहाची एक वेगळीच बाजू कळली. थकलेल्या पीककर्जाच्या वसुलीला गेलो की शेतकरी मचाणावरून ओरडून सांगतो, "साहेब, आज नको. झाडीत तीन बसलेत." आता खरोखर तीन बसलेत की नाही हे तपासून बघण्याची वसुली अधिकाऱ्याची हिंमत नसते, आणि हे कर्जदाराला ठाऊक असतं. पण तोच शेतकरी सिंह गेला तर हळहळतो. नीलगाय आणि रानडुक्कर मिळून एका रात्रीत शेत साफ करतात. नीलगायीच्या नावात गाय आहे म्हणून तिला कोणी हात लावत नाही. तिला हात लावतो तो एकटा सिंह. म्हणजे बँकेकडे गहाण असलेल्या पिकाची राखण तो फुकट करतो. मी हा मुद्दा एका अहवालात घातला होता. वरिष्ठांनी त्या वाक्याखाली रेघ मारून तो परत पाठवला.

आणि मग परवा ते घडलं. पहाटे अंधारातच इमारतीत कुजबुज सुरू झाली. मागच्या शेतात सिंहिणीने नीलगाय पाडली होती. उजाडेपर्यंत अख्खी इमारत गच्चीवर. शेताच्या बांधापाशी वनखात्याचे दोघे उभे राहून लोकांना हातवाऱ्यांनी लांब ठेवत होते. कुणी तिला त्रास द्यायचा नाही, गोंगाट नाही, फ्लॅश नाही, तिला शांतपणे खाऊ द्या. शांतपणे खाऊ द्या! या गावात आल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही सरकारी गणवेशातल्या माणसाच्या तोंडून.

काकी डोळे मिटून नीलगायीसाठी नवकार म्हणत होत्या. काका हात जोडून उभे होते, कुणाला ते कळत नव्हतं. सिंहीण अधूनमधून मान वर करून आमच्या गच्चीकडे बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. दोन बछडे आले, त्यांनाही वाटा मिळाला. आई कठड्याला टेकून एकटक पाहत होती. तिने एक दीर्घ सुस्कारा सोडला. काकींना वाटलं, नीलगायीसाठी, म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेतला.

आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आज बुधवार नाय काय रे?"